आयत्या पिठावर रेघोट्या?

दहावीचा निकाल लागला की धुळ्यात चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. मुलांचे फोटो लहान, टक्के मोठे, शाळेचं नाव त्याहून मोठं. पण ही मुलं शाळेने घडवली की आधीच हुशार होती ती वेचून घेतली?

शिक्षण हक्क कायद्याने (आरटीई, 2009) खासगी शाळांना प्रवेशासाठी मुलांची चाचणी किंवा पालकांची मुलाखत घ्यायला मनाई केली; पहिल्या चुकीला 25 हजारांपर्यंत दंड. उघडपणे चाळणी लावते ती सरकारचीच नवोदय शाळा. पाचवीतली पोरं दोन तासांत 80 प्रश्न सोडवतात, त्यातले 40 बुद्धिमत्तेचे. चार आकृत्या, तिघींचे बाण उजवीकडे, एकीचा डावीकडे. वेगळी ओळखा, गोल काळा करा.

अशा परीक्षेत चमकलेलं मूल पुढेही बहुधा चमकतं. मग शाळेचं कर्तृत्व किती आणि आयत्या पिठावरच्या रेघोट्या किती, हे मोजायचं कसं? युक्ती साधी आहे. कटऑफला एका गुणाने तरलेलं मूल आणि एका गुणाने हुकलेलं मूल, यांच्या कुवतीत तसा फरक नसतो. पुन्हा परीक्षा घेतली तर कदाचित उलटं होईल. म्हणून पुढे दोघांत जी तफावत पडेल ती शाळेची. बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या नामवंत, परीक्षा घेऊनच प्रवेश देणाऱ्या शाळा अब्दुलकादिरोग्लू, अँग्रिस्ट आणि पराग पाठक यांनी 2014 च्या शोधनिबंधात अशा तपासल्या. कटऑफच्या आसपासच्या मुलांच्या गुणांत शाळेमुळे फारसा फरक पडलेला दिसला नाही. पालकांनी त्या प्रवेशासाठी केलेला आटापिटा आठवला की हसावं की रडावं कळत नाही.

दुसरी युक्ती सोडतीची. आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी सोडतीत नाव लागलेल्या मुलांना खासगी शाळेत जाण्यासाठी पैसे मिळतील अशा योजनेचा अभ्यास केला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात नाव लागलेली आणि न लागलेली मुलं बरोबरीत; हिंदीत खासगीवाले पुढे. मात्र खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता, हेही विसरू नये.

आपल्याकडे आरटीईखाली खासगी शाळांत राखीव असलेल्या 25 टक्के जागांची ऑनलाइन सोडत हा तसाच प्रयोग, दरवर्षी आपसूक होणारा. 2024 मध्ये सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतल्या खासगी शाळांना त्यातून सूट देणारा नियम राज्याने केला, तो मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केला. नाव लागलेली आणि न लागलेली मुलं पुढे कशी शिकली, याचा माग घेतला तर धुळ्यापुरतं उत्तर धुळ्यातच मिळेल. फक्त जागांपेक्षा अर्ज जास्त आलेल्या शाळाच धराव्या लागतील. सगळ्यांनाच प्रवेश मिळाला तिथे तुलनेला कुणी उरत नाही.