आमवाताची गोळी आठवड्यातून एकदाच!

सकाळी उठल्यावर बोटे आखडतात, मूठ वळत नाही, दोन्ही हातांचे सांधे सुजतात आणि हा ताठरपणा तासभर टिकतो. ही आमवाताची, म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसची लक्षणे असू शकतात. यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या अस्तरावर हल्ला करते. वेदनाशामकांनी दुखणे कमी होते. सांध्यांची हानी मात्र चालूच राहते. ती रोखण्यासाठी बहुतेक रुग्णांना प्रथम मेथोट्रेक्सेट देतात.

ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. बीपी-शुगरच्या गोळ्यांप्रमाणे ती चुकून रोज घेतली, तर अस्थिमज्जेतील रक्तपेशींची निर्मिती थांबून जीवावर बेतू शकते. म्हणून वार ठरवा आणि तो पाकिटावर मराठीत लिहून घ्या. सोबतची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही पुष्कळदा तशीच लहान, पिवळी असते. दोन्ही वेगळ्या डब्यांत ठेवा.

गुण यायला ६ ते १२ आठवडे लागतात. तोवर धीर सोडून औषध बंद करू नका किंवा मनाने वाढवू नका. रक्ततपासणी सांगितलेल्या वेळी करा. त्यात रक्तपेशी, यकृत व मूत्रपिंड पाहिले जाते. दारू टाळा. गर्भवतींना हे औषध चालत नाही. मूल हवे असल्यास आधीच डॉक्टरांशी बोला.

तोंडात फोड, ताप, धाप, कोरडा खोकला किंवा अंगावर निळे डाग दिसल्यास पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी रुग्णालयात या. येताना सगळ्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा.