मुखवट्याआडचे आडनाव
– एक आंबेडकरी वकील

सुपरमॅन, बॅटमॅन, कॅप्टन अमेरिका ही नावे आज आपल्या वस्तीतल्या पोरांनाही पाठ आहेत. पण जेरी सिगेल, जो शूस्टर, बिल फिंगर ही नावे कोणाला ठाऊक आहेत? या महानायकांना जन्म देणारी ही माणसे ज्यू स्थलांतरितांच्या घरातली. त्यांच्या नावांचे पुढे काय झाले, ते आंबेडकरी वाचकाने जरूर समजून घ्यावे.

पूर्व युरोपातील छळ आणि कत्तलींतून सुटून हजारो ज्यू कुटुंबे अमेरिकेत आली. तेथे तरी सन्मान मिळाला काय? १९२४ च्या कायद्याने पूर्व व दक्षिण युरोपातून येणाऱ्यांची दारे जवळपास बंदच केली. आत आलेल्यांच्या मुलांना जाहिरात कंपन्या आणि प्रतिष्ठित मासिके उभी करत नसत. कॉमिक्सचा धंदा मात्र हलका मानला जाई, म्हणून तेथे शिरकाव झाला. हलके काम कोणाच्या वाट्याला येते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको!

क्लीव्हलँड शहरातल्या सिगेल आणि शूस्टर या दोन तरुणांचा सुपरमॅन १९३८ साली छापून आला. त्याची कथा पाहा. ग्रह नष्ट होत असताना आईबाप तान्ह्या मुलाला यानात घालून दूर पाठवतात आणि परके दांपत्य त्याला वाढवते. ज्यूंच्या धर्मग्रंथातील मोझेसलाही आईने टोपलीत घालून नदीकाठी सोडले होते. सुपरमॅनचे मूळ नाव काल-एल, आणि हिब्रू भाषेत 'एल' म्हणजे ईश्वर. सिगेलने हे ठरवून केले की नकळत, यावर अभ्यासक वाद घालोत. परक्या देशात जन्मनाव झाकून 'क्लार्क केंट' या सभ्य नावाने खाली मान घालून नोकरी करणारा नायक स्थलांतरिताच्या घरातच सुचू शकतो, असे मला वाटते.

कारण हे चित्रकार-लेखक स्वतःही तेच करत होते. जेकब कुर्ट्झबर्गचा जॅक कर्बी झाला, स्टॅनली लीबरचा स्टॅन ली, रॉबर्ट कानचा बॉब केन, मिल्टन फिंगरचा बिल फिंगर. प्रत्येकाचे कारण वेगळे असेल, पण बाजारात कोणते नाव चालते हे सर्वांनाच कळत होते. शहरात खोली भाड्याने घेताना "पूर्ण नाव काय?" या प्रश्नावर आपली किती शिकलेली मुले क्षणभर थांबतात, ते आठवा.

गंमत अशी की अमेरिकन वाचकाला न दिसलेले आडनाव शत्रूला बरोबर दिसले. एप्रिल १९४० मध्ये नाझींच्या एसएस संघटनेच्या मुखपत्राने सिगेलच्या ज्यू असण्यावर गरळ ओकली. त्याच वर्षाच्या अखेरीस कर्बी आणि जो सायमन यांचा कॅप्टन अमेरिका बाजारात आला. मुखपृष्ठावर तो हिटलरच्या जबड्यावर ठोसा हाणतो आहे. अमेरिका युद्धात उतरायला तेव्हा वर्षभराचा अवकाश होता.

पुढे हा नायक जगप्रसिद्ध झाला आणि बहुसंख्याकांच्या धर्माने त्याला आपलेसे केले. १९७८ च्या सुपरमॅन चित्रपटात आणि २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये तो उघडउघड येशू ख्रिस्ताच्या वळणाने उभा केलेला आहे. बुद्धाला विष्णूचा अवतार ठरवणाऱ्यांची खोड ज्यांना माहीत आहे आणि ज्यांनी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत, त्यांना या युक्तीचे नवल वाटणार नाही.

वकील म्हणून मला सर्वांत बोचतो तो कागद. सुपरमॅनचे सर्व हक्क कंपनीने १३० डॉलरला घेतले. १३ पाने, पानामागे १० डॉलर! ज्या धनादेशातून ही रक्कम दिली, त्यावर दोघांची नावेही चुकीची लिहिली होती. तोच धनादेश २०१२ साली लिलावात १ लाख ६० हजार डॉलरला विकला गेला. एकरकमी मानधनावर सही करून आपले गाणे कायमचे गमावलेले शाहीर मी पाहिले आहेत, त्यामुळे या कथेत मला परदेश दिसत नाही.

१९४७ साली दोघे न्यायालयात गेले. तडजोडीत थोडी रक्कम मिळाली, पण सुपरमॅनवरचे हक्क सुटले आणि कॉमिक्सवरून त्यांची नावेही पुसली गेली. शूस्टरची दृष्टी अधू झाली, सिगेल कारकुनी करू लागला. १९७५ मध्ये मोठ्या चित्रपटाची तयारी सुरू झाल्यावर सिगेलने जाहीरपणे आवाज उठवला. नील अॅडम्स, जेरी रॉबिन्सन यांच्यासारखे चित्रकार पाठीशी उभे राहिले. खटला न करता, केवळ बदनामीच्या भीतीने कंपनी नमली. दोघांना प्रत्येकी वर्षाला २० हजार डॉलर मिळू लागले आणि नावे परत छापली गेली.

बिल फिंगरच्या पाठीशी असे कोणी नव्हते. बॅटमॅन घडवण्यात त्याचा सिंहाचा वाटा, पण कंपनीशी करार होता बॉब केनचा, म्हणून निर्माता म्हणून छापले जाई ते एकट्या केनचे नाव. फिंगरचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २०१५ साली, त्याच्या नातीने पाठपुरावा केल्यावर. फिंगर १९७४ मध्येच वारला होता.