यकृताला चुकवून लिम्फोसाइटपर्यंत

रोज रक्ताच्या काचा बघते, म्हणून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशीबद्दल मला आस्था आहे. लाइशमन स्टेन चढवला की तिचं गर्द जांभळं, गोल केंद्रक जवळजवळ सगळी पेशी व्यापून बसतं. कडेला फिकट निळी बारीक कोर तेवढी उरते. मोनोसाइट समोर येईल ते गिळते. लिम्फोसाइट तशी नाही, आणि जनुक गप्प करणाऱ्या औषधांचं घोडं इथेच अडलं.

औषध म्हणजे आरएनएचा दुपदरी तुकडा, जेमतेम एकवीस-बावीस अक्षरांचा. पेशीत गेल्यावर तो जुळणारा संदेश शोधून कापायला लावतो. मूळ जनुकाला धक्का लागत नाही, फक्त त्याचं प्रथिन बनणं थांबतं. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८मध्ये हे एका सूक्ष्म कृमीत दाखवलं. २००६मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या पद्धतीचं पहिलं औषध, पॅटिसिरान, २०१८मध्ये मंजूर झालं. ते वाहून नेणारे मेदकण शिरेतून रक्तात गेले की त्यांना एपोई हे प्रथिन चिकटतं आणि यकृताच्या पेशी ते ओढून घेतात. यकृताच्या आजारात हे वरदानच; पण ज्यांचा आजार पांढऱ्या पेशींत आहे, त्यांनी काय करायचं?

मला आठवतात ते अल्सरेटिव्ह कोलायटिसचे, म्हणजे पांढऱ्या पेशींनी आतड्यात दाह पेटवलेले रुग्ण. शौचातून रक्त जाऊन हिमोग्लोबिन उतरलेलं, स्टिरॉइडने साखर चढलेली. टीएनएफ हे दाह वाढवणारं प्रथिन रोखणारं इंजेक्शन सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी करावीच लागते, कारण दबून बसलेल्या क्षयाला तेच टीएनएफ आवरून धरतं. आपल्याकडे हा धोका मुळीच लहान नाही.

म्हणून संशोधक डॅन पीर आणि सहकाऱ्यांचा २००८मधला ‘सायन्स’मधला शोधनिबंध मला फार मोलाचा वाटतो. आतड्याकडे जाणाऱ्या लिम्फोसाइटवर बीटा-७ इंटिग्रिन नावाची खूण असते. ती धरणारं प्रतिपिंड त्यांनी कणांच्या पृष्ठभागावर बसवलं आणि आत सायक्लिन डी-१ गप्प करणारा आरएनए भरला. हे प्रथिन पेशींच्या वाढीला चालना देतं. कोलायटिस झालेल्या उंदरांमध्ये टीएनएफ उतरलं, आतड्याचा दाह ओसरला.

पेशीने कण आत घेतला तरी काम फत्ते होत नाही. तो एका पिशवीत अडकतो. पिशवी आम्लधर्मी होत जाते. मेदकणांतले खास रेणू रक्तात जवळपास भाररहित असतात, आम्लात धनभारित होतात आणि पिशवीचं आवरण फोडू पाहतात. तरीही २०१३मध्ये अशा मेदकणांची मोजणी झाली तेव्हा एक-दोन टक्केच आरएनए निसटून बाहेर आला होता. उरलेला वाया. माझ्या मते खरी मेहनत आता इथे हवी, कारण खूण माणसातही कामाची आहे हे सिद्ध झालंय. अल्फा-४ बीटा-७ इंटिग्रिनला धरणारं व्हेडोलिझुमॅब हे प्रतिपिंड अमेरिकेत २०१४मध्ये मंजूर झालं. ते लिम्फोसाइटला आतड्यात शिरू देत नाही; पेशीच्या आत चाललेल्या कारभाराला मात्र हात लावत नाही.