मासेमारी नौकेवरील साधनसामग्री : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

सातपाटी, वर्सोवा, हर्णै किंवा मिरकरवाडा येथून निघणारी यांत्रिक नौका समुद्रात एक दिवस राहो वा आठ-दहा दिवस, जाळी, डिझेल आणि बर्फ यांचा हिशेब तांडेल, म्हणजे नौकेचा प्रमुख, चोख ठेवतो. संकटकाळी लागणाऱ्या साधनांकडे मात्र पुष्कळदा परवान्याच्या तपासणीपुरती बाब म्हणून पाहिले जाते. याला निव्वळ निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण साधन कशाच्या आधारे चालते आणि त्याची मर्यादा कोठे येते याविषयीचे गैरसमज त्याच्या मुळाशी आहेत.

मोबाइल जवळ असला की किनाऱ्याशी संपर्क राहतो, हा त्यांतील सर्वांत घातक समज होय. मोबाइलचा संकेत जमिनीवरील मनोऱ्यांवर अवलंबून असल्यामुळे किनाऱ्यापासून काही सागरी मैलांवर तो क्षीण होतो आणि पुढे लोपतो (एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर), त्यामुळे तटरक्षक दलाचा १५५४ हा मदत क्रमांकही त्या टापूतच उपयोगी पडतो. व्हीएचएफ हा सागरी रेडिओ त्याहून दूर पोहोचतो आणि त्याची १६ क्रमांकाची वाहिनी जगभर संकटसंदेशासाठी राखलेली आहे. परंतु त्याच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जात असल्यामुळे पल्ला अँटेनाच्या उंचीवर ठरतो, म्हणून दोन लहान नौकांमधील संभाषण थोड्याच अंतरावर तुटते. २०१७ च्या ओखी चक्रीवादळात हीच उणीव प्रकर्षाने दिसली : कित्येक दिवसांपूर्वी खोल समुद्रात गेलेल्या केरळ व तामिळनाडूच्या नौकांपर्यंत इशारा पोहोचण्याचा मार्गच नव्हता, आणि त्यांतील अनेक नौका पुढे देवगड बंदराच्या आश्रयाला आल्या. या अंतरावर उपयोगी पडते ते इस्रोने विकसित केलेले डिस्ट्रेस अलर्ट ट्रान्समीटर, म्हणजे नौकेचे स्थान उपग्रहामार्फत बचाव यंत्रणेला कळविणारे उपकरण. संदेश पोहोचला की नाही हे जुन्या उपकरणातून मच्छीमाराला समजत नसे. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या उपकरणात पोच मिळण्याची सोय आहे.

पट्टीच्या पोहणाऱ्याला लाइफ जॅकेट लागत नाही, हे विधान बंदरावर अभिमानाने केले जाते. दोराच्या फटक्याने किंवा तोल जाऊन डोके आपटल्याने बेशुद्ध होऊन पाण्यात पडलेल्या माणसाला पोहण्याचे कौशल्य वाचवीत नाही. त्याचे तोंड पाण्यावर राहील अशी रचना असलेले जॅकेटच वाचविते, आणि तेही अंगावर असेल तरच. रिकामा कॅन धरून तरंगता येते हे खरे, पण शुद्ध आणि हातातील बळ शाबूत असेपर्यंतच.

नांगर जितका जड तितकी पकड घट्ट, हा समज अनुभवी माणसांतही आढळतो. वस्तुतः पकड मुख्यतः ओढीच्या दिशेवर ठरते : दोर आडवा ओढला गेला तर नांगराचा फाळ तळात रुततो, आणि उभा ओढला गेला तर तोच फाळ उपसून निघतो. म्हणून खोलीच्या ५ ते ७ पट दोर सोडावा असा सर्वसाधारण नियम आहे. १० मीटर खोलीत ५० ते ७० मीटर. दोराच्या खालच्या टोकाला काही मीटर साखळी असल्यास तिच्या भाराने ओढ तळालगत राहते. खडकाळ किनाऱ्याजवळ इंजिन बंद पडले आणि वारा जमिनीकडे असला, तर नौकेला थोपविणारे दुसरे काहीही हाताशी नसते. अशा वेळी जड नांगर आणि तोकडा दोर ही जोडी कुचकामी ठरते.

आगीबाबत दोनच गोष्टी पुरेशा आहेत. पेटलेल्या डिझेलवर पाणी ओतल्यास पाण्यापेक्षा हलके असलेले डिझेल वर तरंगत आग पसरविते, म्हणून कोरड्या भुकटीचे किंवा फेसाचे अग्निशामक यंत्र इंजिनघराच्या बाहेर, दाराशी असावे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळती झाल्यास तो नौकेच्या तळाशी साचतो. खिडकी उघडली की तो निघून जातो, ही घरातील सवय येथे फसवी आहे.

बर्फ वरून पसरला की मासळी टिकते, हाही असाच एक समज. १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो, त्यामुळे ३० अंश सेल्सिअसची १० किलो मासळी शून्य अंशापर्यंत आणण्यास हिशेबाने ३ किलोंच्या आसपास बर्फ पुरतो. परंतु कप्प्यातून सतत आत येणारी उष्णता धरता आपल्या हवामानात बर्फ आणि मासळी समप्रमाणात घेणेच योग्य असते. बर्फ बारीक फोडून थराथराने घालावा आणि रक्तमिश्रित पाणी खालून वाहून जाऊ द्यावे. बांगडा, कुपा अशा माशांत थंडाव्याअभावी हिस्टामाइन हे विषारी द्रव्य तयार होते, आणि ते शिजवल्यानेही नष्ट होत नाही.

लाल प्रकाशबाण संकट येताच उडवावेत, ही समजूतही तपासली पाहिजे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे पॅराशूट प्रकाशबाण किमान ३०० मीटर उंच जाऊन किमान ४० सेकंद जळतो. तेवढ्या वेळात पाहणारा कोणी जवळपास नसेल तर तो वाया जातो, म्हणून जहाज वा विमान दृष्टिपथात आल्यावरच तो वापरावा. त्यावर मुदतीची तारीख छापलेली असते. जून-जुलैच्या बंदीकाळात नौका किनाऱ्यावर ओढून रंगविताना तांडेल आणि नौकामालकांनी ती तारीख, ट्रान्समीटरची बॅटरी आणि जॅकेटांच्या शिवणी तपासाव्यात.