वेग बदलणाऱ्या लेथचे दोषशोधन व निगा

लाकडाच्या लेथवर लाटणे कातता येते, तशीच काथवटही कातता येते. लाटण्याचा व्यास सुमारे ४० मिलिमीटर असतो, तर मोठ्या काथवटीचा ४०० मिलिमीटर. या दोन्ही वस्तू मिनिटास १,२०० फेरे अशा एकाच गतीने फिरविल्या, तर लाटण्याचा पृष्ठभाग हत्यारासमोरून मिनिटास सुमारे १५० मीटर सरकतो. काथवटीची कड मात्र तेवढ्याच वेळात सुमारे १,५०० मीटर अंतर कापते. हा वेग तासास ९० किलोमीटर, म्हणजे धावत्या आगगाडीइतका होय. लाटण्यास जो वेग मानवतो तोच काथवटीपुढे उभ्या असलेल्या माणसास घातक ठरू शकतो.

वेगाचे महत्त्व केवळ कातण्यापुरते नाही. कर्नाटकातील चन्नपट्टण येथील खेळण्यांवर रंग चढवितात, तो कुंचल्याने नव्हे. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख मऊ होऊन लाकडास चिकटते व पुढे पानाने घासून तिला झळाळी आणतात. फिरण्याचा वेग अपुरा असेल, तर पुरेशी उष्णताच निर्माण होत नाही. यास्तव काम बदलले की वेगही बदलता आला पाहिजे.

वेग कसा बदलतो?

सर्वांत साधी रचना पायऱ्यापायऱ्यांच्या कप्प्यांची. पट्टा एका पायरीवरून दुसरीवर सरकविला की वेग बदलतो. परंतु त्यासाठी यंत्र थांबवावे लागते.

दुसऱ्या रचनेत प्रत्येक कप्पी दोन शंकूसारख्या तबकड्यांची असते. दांडा फिरविला की मोटरवरील कप्पीच्या तबकड्या जवळ येतात आणि पट्टा त्यांच्या कडेकडे चढतो. त्याच वेळी मुख्य दंडावरील कप्पीच्या तबकड्या स्प्रिंगच्या दाबाविरुद्ध दूर होतात आणि पट्टा आत उतरतो. अशा रीतीने मोटर एकाच गतीने फिरत असता मुख्य दंडाचा वेग वाढतो. या लेथचा वेग यंत्र चालू असतानाच बदलावा. बंद यंत्रात पट्टा जागचा हलू शकत नाही आणि दांड्यावर जोर केल्यास सांधे मोडतात.

तिसऱ्या रचनेत मोटरचाच वेग बदलतो. आपल्याकडील विजेची कंप्रता सेकंदास ५० आवर्तने आहे. चार ध्रुवांच्या मोटरमधील चुंबकीय क्षेत्र त्यामुळे मिनिटास १,५०० फेरे घेते आणि मोटर त्याहून किंचित कमी, सुमारे १,४४० फेरे घेते. इलेक्ट्रॉनिक नियंत्रकाने कंप्रता निम्मी केली की हा वेगही जवळजवळ निम्मा होतो.

मूठ फिरवून दोष जात नाही

वेग सहज बदलता येणे ही सोय आहे, तसाच तो एक मोहही आहे. लेथ थरथरू लागला की शिकाऊ कारागीर वेगाची मूठ थोडी पुढे किंवा मागे फिरवितो. थरथर थांबते आणि काम पुढे चालते. परंतु दोष गेलेला नसतो, तो केवळ दिसेनासा झालेला असतो. प्रत्येक यंत्राच्या सांगाड्याची कंप पावण्याची स्वतःची एक कंप्रता असते. फिरण्याची गती तिच्याशी जुळली की थरथर फार वाढते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. गती बदलली की ही जुळणी मोडते, पण थरथरीचे मूळ तसेच राहते.

या मुळाचे बळ किती असते ते पाहू. काथवटीच्या एका बाजूस, मध्यापासून २०० मिलिमीटरवर, ५० ग्रॅम लाकूड अधिक आहे असे समजा. मिनिटास ६०० फेऱ्यांना ते मुख्य दंडास सुमारे ४ किलोग्रॅम वजनाइतक्या बळाने ओढते. १,२०० फेऱ्यांना हेच बळ १६ किलोग्रॅमपर्यंत जाते, कारण वेग दुप्पट झाला की बळ चौपट होते. म्हणून थरथर टाळण्यासाठी वेग वाढविणे हा सर्वांत धोक्याचा उपाय होय.

दोष कोठे आहे?

मात्र हीच मूठ दोष शोधण्यासही उपयोगी पडते. दोन तबकड्यांच्या कप्प्या असलेल्या लेथवर वेग वाढवून कान द्यावा. घरघर वेगाबरोबर चढत गेली, तर दोष मुख्य दंडाच्या बाजूस असण्याचा संभव अधिक. आवाज जसाच्या तसा राहिला, तर मोटरकडे पाहावे. दंडाच्या फेऱ्यांहून सावकाश, पण नियमित ठोका ऐकू आला, तर पट्ट्यावर फुगवटा किंवा चीर आहे असे समजावे. कारण पट्ट्याची लांबी कप्पीच्या परिघाहून बरीच अधिक असते.

त्यानंतर भाग एकेक करून वेगळे करावेत. प्रथम लाकूड उतरवून लेथ रिकामा चालवावा. थरथर थांबली, तर दोष लाकडाचा. त्याचे कोपरे करवतीने काढून ते गोलाकार करावे, स्क्रू घट्ट आहेत की नाहीत ते पाहावे आणि तडा आढळल्यास ते लाकूड वापरू नये. थरथर कायम राहिली, तर वीज तोडून पट्टा उतरवावा. तबकड्यांच्या कप्पीतील स्प्रिंग दाबाखाली असते. तेव्हा हे काम यंत्राबरोबरच्या पुस्तिकेप्रमाणे व जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करावे. आता मुख्य दंड हाताने फिरवावा. तो खरखरत असेल, तर बेअरिंग झिजलेले आहे. तो इकडेतिकडे हलत असेल, तर नट सैल झाला आहे किंवा बेअरिंग निकामी झाले आहे. शेवटी मोटर एकटी चालवून पाहावी. तीही सुरळीत चालली, तर दोष पट्ट्यात किंवा कप्प्यांत उरतो.

नेहमी आढळणारे दोष

मोटर फिरते, पण हत्यार टेकताच लाकूड मंदावते, ही नेहमीची तक्रार. पटाशीला धार आहे ना, हे प्रथम पाहावे. बोथट हत्याराचा दोष पुष्कळदा पट्ट्यावर ढकलला जातो. धार ठीक असेल, तर पट्ट्याच्या कडा तपासाव्यात. त्या काचेसारख्या गुळगुळीत झाल्या असल्यास पट्टा बदलावा.

वेग बदलताना यंत्र अडखळत असेल, तर भुसा व वाळलेले वंगण यांच्या थराने तबकडी दंडावर अडकलेली असते. वीज तोडून हा थर पुसून काढावा. नंतर कोरडे ग्राफाइट वापरणे इष्ट. जास्त तेलावर भुसा बसतो आणि तेल पट्ट्यावर उडाले तर पट्टा घसरतो.

इलेक्ट्रॉनिक लेथ मंद वेगावर तापतो, याचे कारण मोटरचा पंखाही तिच्याबरोबर मंदावतो. शिवाय कंप्रता उतरविली की मोटरची शक्तीही कमी होते. मोठ्या कामासाठी म्हणून पट्टा मंद वेगाच्या पायरीवर घालावा आणि मोटर मध्यम गतीने चालवावी. नियंत्रकाची पेटी मात्र विद्यार्थ्यांनी उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यातील संधारित्रांत काही मिनिटे जीवघेणा विद्युत् भार राहतो.

नित्याची निगा

रोज काम संपताच भुसा ब्रशाने झाडावा. आठवड्यातून एकदा पट्टा, नट व हत्यार टेकविण्याची पट्टी तपासावी. बंदिस्त बेअरिंगांना तेल घालू नये. जुन्या लेथवर तेलाच्या वाट्या असल्यास त्या कोरड्या पडू देऊ नयेत.

यंत्र सुरू करण्यापूर्वी सैल बाह्या आवराव्या, चेहऱ्यावर संरक्षक मुखवटा लावावा आणि लाकूड हाताने एक पूर्ण फेरा फिरवून ते कोठे अडत नाही याची खात्री करावी. वेगाची मूठ सर्वांत मंद खुणेवर आणावी, फिरत्या लाकडाच्या रेषेतून बाजूस उभे राहावे आणि मगच बटण दाबावे.