एक किलोमीटरचं वर्तुळ
(लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात आपण पटसंख्या आणि गळतीचे आकडे वाचले. कुणाच्या पदरात काय पडलं ते आकड्यांतून कळतं. तसं का पडलं ते कळायला धोरणाचा कागद उलगडून बघावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासक कॅरल बाकी सांगतात, उपाय बघा आणि मागे जा: हा कागद लिहिणाऱ्यांनी अडचण कुठली मानली होती?

ही नजर आपल्याकडे नवी नाही. १८८२ साली जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं. वरच्या वर्गाला शिकवलं की विद्या झिरपत खाली जाईल, हे तेव्हाच्या सरकारचं गृहीतक. फुल्यांनी हिशेबच मांडला: तिजोरी भरते रयतेच्या घामानं, आणि खर्च होतो वरच्यांच्या उच्च शिक्षणावर. मग त्यांनी मागितलं काय? बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचं प्राथमिक शिक्षण, आणि होता होईल तो शेतकरी वर्गातूनच तयार केलेले शिक्षक. शिकवणारा कोण, हा प्रश्न आजही अहवालांत शेवटच्या पानावर असतो.

आता अलीकडचं उदाहरण. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२(१)(सी)नुसार खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिलीच्या किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्यायच्या; प्रतिपूर्ती सरकार करणार. ९ फेब्रुवारी २०२४ला महाराष्ट्र सरकारनं नियम बदलला. ज्या खासगी शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे, तिला या जागांतून सूट.

वरवर पाहता म्हणणं रास्त वाटतं. शेजारी सरकारी शाळेत बाकं रिकामी असताना खासगी शाळेला पैसे कशाला मोजायचे? पण पुण्याचा किंवा ठाण्याचा नकाशा घ्या, कंपास घ्या आणि वर्तुळं काढून बघा. महापालिकेची किंवा अनुदानित शाळा आत सापडणार नाही अशी वर्तुळं किती उरतील? कायदा तसाच ठेवून त्यातला जीव काढून घ्यायचा, असा हा प्रकार. कायद्याच्या लेखी अडचण होती ती ऐपतीप्रमाणे वेगळ्या वर्गांत बसणाऱ्या मुलांची. नव्या नियमाच्या लेखी अडचण उरली ती फक्त खर्चाची. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात या बदलाला स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो घटनाबाह्य ठरवला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल कायम ठेवला.

नियम गेला म्हणून चिकित्सा संपत नाही. आपल्या बाजूचा वाटणारा कायदाही याच चाळणीतून काढायला हवा, आणि इथे पुष्कळांची पंचाईत होते. जागा मिळाली म्हणजे समता आली, हेही एक गृहीतकच. सहलीचे पैसे, बसभाडं, घरी कुणाला न येणारं इंग्रजी, हे त्या २५ टक्क्यांच्या हिशेबात कुठे बसतं?

आणि त्याआधी अर्ज. तो ऑनलाइन भरायचा, नकाशावर आपल्या घराची खूण स्वतः लावायची. शाळेपासूनचं अंतर त्या खुणेवरून मोजलं जातं. वस्तीतल्या ज्या गल्लीला नकाशावर नाव नाही, तिथली आई सायबर कॅफेतल्या पोराला म्हणते, ‘पाण्याच्या टाकीमागं लाव की.’ तो अंदाजानं लावतो. पडताळणीत अंतर जुळलं नाही, तर सोडतीत लागलेला नंबरही हातचा जाऊ शकतो.