बंदराचे तोंड खरेच बुजले होते का?
झीब्रूगची छायाचित्रे वाचताना

पहिल्या महायुद्धावरील अनेक पुस्तकांत विमानातून घेतलेले एक छायाचित्र पाहायला मिळते. एक कालवा समुद्राला मिळतो आहे. त्याच्या तोंडात दोन जहाजे तिरपी होऊन बुडालेली आहेत आणि तिसरे थोडे बाहेर, समुद्राच्या बाजूला रुतून बसले आहे. हे बेल्जियममधील झीब्रूग बंदर. २३ एप्रिल १९१८ च्या मध्यरात्री ब्रिटिश नौदलाने येथे हल्ला चढवला आणि स्वतःचीच तीन जुनी जहाजे कालव्याच्या तोंडाशी बुडवली. चित्र पाहणाऱ्याच्या मनात पहिला विचार येतो तो असा, की कालवा बंद झाला. ब्रिटनमधल्या लोकांनाही तेव्हा तसेच वाटले. प्रत्यक्षात काही दिवसांतच जर्मन पाणबुड्या त्या जहाजांच्या कडेने ये-जा करू लागल्या होत्या.

छायाचित्र खरे होते, त्यात कोणी फेरफार केलेला नव्हता. मग त्यावरून काढलेला निष्कर्ष का चुकला? या प्रश्नाचे उत्तर शोधताना भूमिती, प्रकाशशास्त्र आणि भरती-ओहोटी या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या तीनही विषयांचा उपयोग होतो.

हल्ला कशासाठी?

बेल्जियमचा किनारा तेव्हा जर्मनीच्या ताब्यात होता. किनाऱ्यापासून सुमारे १२ किलोमीटर आत असलेल्या ब्रूज या शहरात जर्मन पाणबुड्यांचा तळ होता. तेथून समुद्रात यायला दोन कालवे होते. एक झीब्रूगला निघे, दुसरा ऑस्टेंडला. येथून निघणाऱ्या पाणबुड्या ब्रिटनकडे जाणारी व्यापारी जहाजे बुडवत. कालव्यांची तोंडे बुजवली तर पाणबुड्या आतच कोंडल्या जातील, असा व्हाइस अॅडमिरल रॉजर कीज यांचा बेत होता.

झीब्रूगच्या बंदराभोवती समुद्रात शिरलेला, चंद्रकोरीसारखा वळलेला एक लांब दगडी धक्का होता आणि त्यावर जर्मन तोफा होत्या. त्या तोफांचे लक्ष वेधून घेण्यासाठी 'विंडिक्टिव्ह' ही जुनी क्रूझर धक्क्याला भिडवून सैनिक उतरवायचे आणि त्या गोंधळात 'थीटिस', 'इंट्रेपिड' आणि 'इफिजिनिया' ही सिमेंटने भरलेली तीन जहाजे कालव्याकडे न्यायची, अशी योजना होती. धक्का किनाऱ्याला लोखंडी पुलाने जोडलेला होता. तो उडवण्यासाठी 'सी ३' ही जुनी पाणबुडी स्फोटके भरून पुलाखाली घुसवण्यात आली. स्फोटाने पुलाला मोठे खिंडार पडले.

जहाजे शत्रूला दिसू नयेत म्हणून लहान मोटारबोटींतून धुराचा दाट पडदा सोडला होता. क्लोरोसल्फॉनिक आम्ल तापलेल्या धुराड्यात सोडले, की त्याची हवेतील बाष्पाशी क्रिया होऊन आम्लांचे सूक्ष्म थेंब तयार होतात आणि पांढरे धुके पसरते. हा धूर तयार करणारे फ्रँक ब्रॉक हे शोभेची दारू बनवणाऱ्या प्रसिद्ध कुटुंबातले. ऐन वेळी वारा फिरला, पडदा विरला आणि 'विंडिक्टिव्ह' तोफांच्या माऱ्यात सापडली. ब्रॉक स्वतः धक्क्यावर मारले गेले. 'थीटिस' वाटेतच जाळ्यांत अडकून रुतली. बाकीची दोन जहाजे मात्र कालव्याच्या तोंडात शिरली आणि त्यांच्या खलाशांनी ती तेथे बुडवली. या रात्री २०० हून अधिक ब्रिटिश सैनिक व खलाशी प्राणाला मुकले. ऑस्टेंडवरचा त्याच रात्रीचा हल्ला फसला, कारण जर्मनांनी वाट दाखवणारा तरंगता बोया आधीच दुसरीकडे हलवला होता.

रात्रीचे छायाचित्र का नाही?

या लढाईची चित्रे पाहताना एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. प्रत्यक्ष लढाई चालू असतानाचे छायाचित्र मिळणे त्या काळी जवळजवळ अशक्य होते. त्याचे गणित सोपे आहे.

त्या रात्री चंद्र किती होता, हे आपल्याला काढता येते. ८ जून १९१८ रोजी अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण दिसले होते, म्हणजे त्या दिवशी अमावास्या होती. दोन अमावास्यांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात. दोन महिने, म्हणजे ५९ दिवस मागे गेलो तर १० एप्रिलला अमावास्या येते. तेव्हा २२ एप्रिलची रात्र शुक्ल त्रयोदशीच्या आसपासची. चंद्र बराच मोठा होता, पण आकाश ढगाळले होते आणि पाऊस पडत होता.

आता समजा, आकाश निरभ्र होते आणि चंद्रही पूर्ण होता. पौर्णिमेचा चंद्रप्रकाश सूर्यप्रकाशाच्या सुमारे चार लाखांश असतो. त्या काळच्या काचेच्या प्लेटवर उन्हात चित्र घ्यायला एक शतांश सेकंद लागत असेल, तर चांदण्यात त्याच्या चार लाखपट वेळ लागेल. म्हणजे ४००० सेकंद, एक तासाहून थोडा अधिक. 'विंडिक्टिव्ह' धक्क्याला लागून होती तीही साधारण तासभरच! तेवढा वेळ कॅमेरा उघडा ठेवला असता तर हलत्या जहाजांचे आणि धावत्या माणसांचे काहीच उमटले नसते.

मग तोफांच्या उजेडात झळाळणारी 'विंडिक्टिव्ह' आणि धक्क्यावर चढणारे सैनिक दाखवणारी चित्रे कोठून आली? ती चित्रकारांनी नंतर रंगवलेली आहेत. त्यांपैकी चार्ल्स डी लेसी यांचे १९१८ मधील चित्र विशेष प्रसिद्ध आहे. असे चित्र खोटे म्हणता येत नाही. पण तासाभरात वेगवेगळ्या क्षणी घडलेल्या गोष्टी चित्रकार एकाच चौकटीत आणू शकतो, हे विसरून चालत नाही. १९२४ मध्ये याच हल्ल्यावर 'झीब्रूग' नावाचा मूकपटही निघाला. त्यात सर्व प्रसंगांची पुनर्रचना केलेली आहे. पडदा कृष्णधवल आणि थरथरता असला, की पाहणाऱ्याला ते दृश्य प्रत्यक्ष लढाईचे वाटू लागते. म्हणून कोणतेही ऐतिहासिक चित्र समोर आले, की ते कसे व केव्हा तयार झाले, हा प्रश्न आधी विचारावा.

लढाईच्या आधीची आणि नंतरची छायाचित्रे मात्र अस्सल आहेत. आधी विमानांतून बंदराची छायाचित्रे घेऊन हल्ल्याची आखणी झाली. नंतर गोळ्यांनी चाळण झालेली, इंग्लंडला परतलेली 'विंडिक्टिव्ह' छायाचित्रांतून घरोघरी पोचली. जर्मनांनीही बुडालेल्या जहाजांची जवळून छायाचित्रे घेतली. आणि हल्ल्याचा परिणाम पाहण्यासाठी ब्रिटिश विमाने पुन्हा झीब्रूगवर गेली.

मोजमाप कसे करायचे?

विमानातून सरळ खाली पाहून घेतलेले छायाचित्र हा एक प्रकारचा नकाशाच असतो. त्याचे प्रमाण समरूप त्रिकोणांवरून निघते. भिंगाचे नाभीय अंतर भागिले विमानाची उंची, म्हणजे प्रमाण. अंतर २५ सेंटिमीटर आणि उंची २५०० मीटर असेल तर प्रमाण १ : १०,००० येते. या प्रमाणात चित्रातला एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे दहा मीटर.

उंची ठाऊक नसली तरी अडत नाही. बुडालेली तीनही जहाजे एकाच वर्गातली होती. त्यांची लांबी सुमारे ९६ मीटर आणि रुंदी सुमारे १३ मीटर. चित्रात जहाज ९.६ मिलिमीटर भरले, की प्रमाण आपोआप मिळते. बुडालेले जहाजच आपली फूटपट्टी होते.

आता कोन मोजायचा. जहाज कालव्याला अगदी आडवे पडले तर ते ९६ मीटर रुंदी अडवेल. पण ते कालव्याच्या दिशेशी केवळ ३० अंशांचा कोन करून पडले, तर अडलेली रुंदी ९६ गुणिले साइन ३०, म्हणजे ४८ मीटर. जहाजाची स्वतःची रुंदी धरून त्यात आणखी दहा-अकरा मीटरची भर पडेल. अंधारात, तोफांच्या माऱ्यात आणि गाळात रुतत जहाज नेमके आडवे बसवणे किती कठीण असेल, याची कल्पना करता येईल. 'इंट्रेपिड' आणि 'इफिजिनिया' दोन्ही तिरप्या बसल्या. अशा वेळी बुडालेल्या जहाजाचे टोक आणि काठ यांच्यामध्ये फट राहते. त्या काळच्या पाणबुड्यांची रुंदी चार ते सहा मीटर होती. तेव्हा प्रश्न असा उरतो, की त्या फटीत पाणी किती खोल होते?

चित्रात न दिसणारी खोली

वरून घेतलेल्या चित्रात पाण्याचा पृष्ठभाग दिसतो. तळ किती खोल आहे ते दिसत नाही. शिवाय झीब्रूगच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत पाण्याची पातळी सुमारे चार मीटरने बदलते. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी ज्यांनी समुद्र पाहिला आहे, त्यांना चार मीटर म्हणजे काय हे सांगायला नको. समुद्रावर तरंगणाऱ्या त्या पाणबुड्यांचा पाण्याखालचा भाग साधारण पावणेचार मीटर असे. ओहोटीच्या वेळी जेथे गाळ उघडा पडलेला दिसतो, तेथेच सहा तासांनी सुमारे चार मीटर पाणी असते. म्हणजे एकच जागा सकाळी बंद आणि दुपारी खुली असू शकते.

जर्मनांनी याचाच फायदा घेतला. त्यांनी कालव्याच्या पश्चिम काठावरचे दोन खांब काढून टाकले, बुडालेल्या जहाजांच्या मागच्या टोकांजवळचा गाळ उपसला आणि भरतीच्या वेळी पाणबुड्या त्या वाटेने बाहेर काढल्या.

मग छायाचित्रावरून हे ओळखता आले असते का? बऱ्याच अंशी आले असते. त्यासाठी चित्र किती वाजता घेतले, हे कळायला हवे, आणि ते सावली सांगते. झीब्रूग सुमारे ५१.३ उत्तर अक्षांशावर आहे. २३ एप्रिलला सूर्य विषुववृत्ताच्या सुमारे १२.३ अंश उत्तरेला असतो. म्हणून तेथे मध्यान्हीची सूर्याची उंची ९० वजा ५१.३ अधिक १२.३, म्हणजे ५१ अंश. तेव्हा दहा मीटर उंच डोलकाठीची सावली सुमारे आठ मीटर पडेल आणि ती नेमकी उत्तरेकडे असेल. सावली याहून लांब आणि पश्चिमेकडे झुकलेली असेल, तर चित्र सकाळचे. पूर्वेकडे झुकलेली असेल, तर दुपारनंतरचे.

वेळ कळली, की भरतीच्या कोष्टकावरून पाण्याची पातळी काढता येते. खलाशी यासाठी बारा भागांचा एक नियम वापरतात. भरतीच्या सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ इतके बारांश चढते. एकूण चढ चार मीटर असेल तर मधल्या दोन तासांतच ते दोन मीटर चढते. म्हणजे त्या वेळी तासाभराची चूक झाली, तर खोलीच्या अंदाजात एक मीटरची चूक होईल.

दुसरीही एक युक्ती आहे. बुडालेले जहाज हलत नाही, पाणी मात्र चढते-उतरते. एकाच जहाजाची वेगवेगळ्या वेळची छायाचित्रे शेजारी ठेवून पाण्याची रेघ जहाजाच्या अंगावर कोठे आहे ते पाहावे. पातळीतला फरक सरळ मोजता येतो.

चित्रावर इतका विश्वास का बसला?

मार्च १९१८ मध्ये फ्रान्समध्ये जर्मनीची मोठी चढाई सुरू झाली होती आणि ब्रिटनला रोज वाईट बातम्या ऐकाव्या लागत होत्या. अशा वेळी आलेल्या या बातमीने लोकांना धीर आला. आठ जणांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्या माणसांच्या शौर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण शौर्य हे यशाचे माप होत नाही. लोकांना जे पाहायचे होते ते छायाचित्रात दिसले, आणि 'हे किती वाजताचे?' हा प्रश्न मागे पडला. जर्मनांनी हा किनारा सोडला तो ऑक्टोबर १९१८ मध्ये, जमिनीवरच्या माघारीमुळे.

आज उपग्रहांनी घेतलेली बंदरांची आणि युद्धक्षेत्रांची चित्रे रोज बातम्यांत दाखवतात. विद्यार्थी ती पाहतात आणि त्यांवर मतेही बनवतात. म्हणून वर्गात एक प्रयोग करून पाहावा. एका उथळ ट्रेमध्ये ओल्या मातीचा कालवा करा. त्यात दोन लाकडी ठोकळे तिरपे बसवा आणि अगदी थोडे पाणी घालून वरून छायाचित्र घ्या. मग पाणी दोन सेंटिमीटरने वाढवून त्याच जागेवरून दुसरे घ्या. वर्गातल्या निम्म्या मुलांना पहिले आणि निम्म्यांना दुसरे चित्र देऊन विचारा, 'येथून कागदाची होडी जाईल का?' दोन्ही गटांची उत्तरे फळ्यावर लिहा आणि मगच दोन्ही चित्रे सर्वांना दाखवा. त्यानंतर मुलांनाच विचारा, की नक्की उत्तर देण्यासाठी त्यांना आणखी कोणती माहिती लागेल. ती यादी वहीत उतरवून घ्यायला सांगावी. वर्तमानपत्रातले पुढचे चित्र पाहताना ती उपयोगी पडेल.